ज्याची बॅट, त्याचीच बॅटिंग? – सांगवीच्या पोरापोरींसाठी क्रिकेटची बाराखडी

गल्लीतल्या क्रिकेटला एक कायदा असतो. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, पण सांगवी-दापोडीपासून पिंपरी-भोसरीपर्यंत प्रत्येक पोराला तो पाठ असतो. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. तो आऊट होऊन रुसला तर बॅट घेऊन घरी जातो आणि खेळ तिथेच संपतो. ज्याच्या घरी बॅट नाही त्याने बॉलिंग टाकावी, गटारात गेलेला चेंडू काढून आणावा. आणि धाकट्या बहिणीला फारच झाले तर ‘कच्चा लिंबू’ म्हणून एका कोपऱ्यात उभे करावे.

आम्ही आज क्रिकेट अगदी पहिल्यापासून कसे शिकावे हे सांगणार आहोत. मैदान कसे आखावे, चेंडू कसा धरावा, बॅट कशी धरावी, झेल कसा घ्यावा, हे सारे घरच्या घरी, वस्तीतल्या वस्तीत शिकता येते. त्याला फार पैसा लागत नाही. पण त्याआधी वरच्या त्या कायद्याचा निकाल लावला पाहिजे, कारण हा कायदा गल्लीतल्या पोरांनी काढलेला नाही. तो फार जुना आहे आणि त्याची झळ आपल्याच माणसांनी सोसली आहे.

ज्यांच्या हाती फक्त चेंडू दिला गेला

सांगवीहून दापोडी-खडकीमार्गे पुणे स्टेशनकडे गेले की पुढे बंडगार्डन रस्त्यावर पूना क्लब लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा इंग्रज साहेबांचा क्लब होता. तिथे पाळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला एक तरुण महिना चार रुपयांवर कामाला होता. त्याआधी पुण्यातच पारशी मंडळींच्या क्लबात तीन रुपयांवर तो खेळपट्टी झाडण्याचे, रूळ फिरवण्याचे काम करी. पूना क्लबातही काम तेच, म्हणजे रूळ फिरवायचा, रेघा आखायच्या, सरावाची जाळी बांधायची. साहेबांना सराव हवा असला की त्यांना चेंडू टाकायचा.

बाळूंना कोणी शिक्षक नव्हता. कॅप्टन बार्टन नावाचा एक डावखुरा गोलंदाज होता, त्याची शैली पाहून पाहून त्यांनी आपली गोलंदाजी बसवली. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन्‌तास बाळूंच्या चेंडूंवर सराव करी. बाळूंनी बाद केले की ग्रेग आठ आणे देई, असे सांगतात. मात्र त्या क्लबात शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. बॅटिंग मालकाची, बॉलिंग नोकराची. गल्लीतल्या कायद्याचे मूळ हे असे आहे.

पुढे पुण्याच्या हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवण्यासाठी बाळूंची गरज पडली. त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानात चेंडू सर्वांनी एकच हाताळायचा, पण चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताट वेगळे आणि बसायची जागाही वेगळी. त्यांनी टाकलेल्या चेंडूचा विटाळ होत नव्हता, हाताचा मात्र होत होता!

प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले तेव्हा बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही संघात होते. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एवढे करूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० साली त्यावरून मोठा वाद झाला, भावांनी खेळण्यास नकार दिला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे कर्णधारपद आले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठल हे नाणावलेले फलंदाज होते. थोरल्याला जी बॅट मिळाली नाही, तिच्याच जोरावर धाकटा कर्णधार झाला.

राजकारणात बाळूंचा मार्ग बाबासाहेबांहून वेगळा झाला, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते दुसऱ्या बाजूला होते आणि १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. तो मतभेद आम्ही झाकून ठेवत नाही. पण मैदानावर त्यांनी जे सोसले आणि जे मिळवले, ते आपल्या लेकरांना माहीत असलेच पाहिजे.

आता बाराखडीला लागू.

मैदान आणि साहित्य

दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधले अंतर २२ यार्ड, म्हणजे आपले २२ वार असते. मीटरमध्ये सांगायचे तर २०.१२ मीटर. लहान मुलांना एवढे अंतर झेपत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी १८ वार पुरे. आजीची दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून मनात आणा, झाले १८ वार! मोठ्यांसाठी आणखी चार वार पुढे जा. कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणाऱ्याच्या घरी मोजपट्टी असतेच. एका सुतळीला ६६ फुटांवर गाठ मारून ठेवली की रोज मोजायला नको.

यष्ट्यांची उंची २८ इंच आणि तिन्ही मिळून रुंदी ९ इंच असते. यष्टीच्या रेषेपुढे ४ फुटांवर फलंदाजाची रेघ मारावी. विटांचा ढीग, पत्र्याचा डबा, भिंतीवर कोळशाने काढलेल्या तीन रेघा, काहीही चालेल. पण उंची आणि रुंदी मोजून घ्या. मोठा डबा ठेवून सराव केला की खऱ्या यष्ट्यांवर नेम चुकतो.

बॅट मुलाच्या उंचीला साजेशी हवी. बॅट पायाशी उभी धरली की मुठीचे टोक मांडीच्या वरच्या सांध्याजवळ यावे. ‘पुढे दोन वर्षे वापरेल’ म्हणून शाळेचा गणवेश ढगळ घेतो, तशी बॅट घेऊ नये. जड बॅटने हात वाकडे पडतात आणि ती सवय पुढे जात नाही.

चेंडू सुरुवातीला टेनिसचाच घ्यावा. कातडी चेंडू, ज्याला आपली पोरे सीझन बॉल म्हणतात, तो १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. टेनिसच्या चेंडूच्या जवळजवळ तिप्पट! पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट असल्याशिवाय मुलांना त्यावर बॅटिंग करू देऊ नये. एक दात किंवा एक डोळा गेला तर ती हौस फार महाग पडते.

बॉलिंग

शिकायला बॉलिंगपासून सुरुवात करावी, कारण तिला एक चेंडू आणि एक भिंत एवढेच लागते.

चेंडूची शिवण उभी ठेवून तर्जनी आणि मधले बोट तिच्या दोन बाजूंना ठेवावे, अंगठा खाली. चेंडू बोटांत धरावा, तळहातात दाबू नये. आधी पळायचेच नाही. यष्ट्यांकडे खांदा करून आडवे उभे राहायचे, पुढचा हात वर करायचा, नजर समोर, चेंडूचा हात सरळ कानाजवळून वरून आणायचा आणि चेंडू सोडल्यावर तो हात विरुद्ध बाजूच्या मांडीकडे जाऊ द्यायचा. हे पन्नास वेळा जमले की एक पाऊल घेऊन, मग तीन, मग सहा-सात पावले पळून.

टाकताना कोपर वाकवून झटक्याने सरळ केले तर ती बॉलिंग नव्हे, फेक झाली. लहानपणी फेकायची सवय लागली तर ती मोडता मोडत नाही, म्हणून वेगाचा हव्यास धरू नये.

नेमासाठी वर्तमानपत्राचे एक पान ओले करून, फलंदाज उभा राहतो त्याच्या चार-पाच पावले पुढे पसरावे. सहा चेंडूंचे एक षटक, अशी सहा षटके, म्हणजे ३६ चेंडू रोज टाकावेत. त्यातले किती पानावर पडले ते वहीत लिहावे. पहिल्या आठवड्यात चार-पाच पडले तरी नाराज होऊ नये. अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत, योग्य दिशेचा प्रयत्न, हे विहारात आपण ऐकतो. वहीतला तो आकडा चारावरून दहावर जाईल तेव्हा पोराला त्याचा अर्थ आपोआप कळेल. बाळूंनी तरी दुसरे काय केले? रोज तेच, पण रोज लक्ष देऊन.

बॅटिंग

बॅट जमिनीवर आडवी ठेवा आणि लाकूड फोडायला कुऱ्हाड उचलतो तशी उचला. हात आपोआप बरोबर पडतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली, दोन्ही हात एकमेकांना चिकटून. वरचा हात घट्ट, खालचा सैल.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहावे, गुडघे किंचित वाकलेले, डावा खांदा गोलंदाजाकडे, डोके स्थिर आणि दोन्ही डोळे समपातळीत. डावखुऱ्याने हेच उलटे करावे. मूल आपसूक डाव्या हाताने खेळत असेल तर त्याला रागावून उजव्याचे करू नये.

फटक्याचे मूळ एकच. चेंडू जवळ पडला तर पुढचा पाय चेंडूच्या दिशेने टाकून खेळायचे, आखूड पडला तर मागच्या पायावर जाऊन खेळायचे. दोन्ही वेळा बॅट सरळ उभी. गल्लीत मुले सगळे चेंडू आडव्या बॅटने ओढतात. तो फटका दहातून दोनदा छान बसतो आणि तिसऱ्यांदा दांडी गुल होते.

सरावासाठी जुन्या पायमोज्यात चेंडू घालून तो दोरीने झाडाच्या फांदीला गुडघ्याच्या उंचीवर टांगावा आणि सरळ बॅटने हलके टोले मारावेत. चेंडू सरळ पुढे जाऊन सरळ परत आला तर बॅट सरळ आहे. गोल फिरू लागला तर समजावे, बॅट वाकडी आली. हा गुरू फुकटात मिळतो आणि कधी कंटाळत नाही!

क्षेत्ररक्षण

मुलांना फिल्डिंग म्हणजे शिक्षा वाटते. त्यांना एकनाथ सोलकर यांची माहिती सांगावी. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा, मैदानाच्या कडेला एका खोलीत वाढलेला. तो भारताकडून २७ कसोटी सामने खेळला आणि त्यात त्याने ५३ झेल घेतले, बहुतेक फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून. झेल हेदेखील संघात जागा मिळवण्याचे साधन आहे.

झेल घेताना बोटे पसरावीत, शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेवावी आणि चेंडू हातात आला की हात अंगाकडे ओढून घ्यावेत. छातीच्या वर आलेल्या चेंडूला बोटे आकाशाकडे, खाली आलेल्याला जमिनीकडे. सरपटत येणारा चेंडू अडवताना एक गुडघा जमिनीला टेकवावा, म्हणजे हातातून सुटला तरी पाय अडवतो.

नियम आणि वही

फलंदाज मुख्यत्वे पाच प्रकारे बाद होतो. चेंडूने यष्टी उडाली तर त्रिफळाचीत, टप्पा न पडता हातात आला तर झेलबाद, धाव घेताना रेषेत पोहोचण्याआधी यष्टी उडवली तर धावचीत, पुढे सरसावलेला असताना यष्टिरक्षकाने यष्टी उडवली तर यष्टिचीत, आणि यष्टीवर जाणारा चेंडू पायाने अडवला तर पायचीत. पायचीतवरून गल्लीत सर्वांत जास्त भांडणे होतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चेंडूचा टप्पा फलंदाजाच्या पायांकडच्या यष्टीच्या बाहेर पडला असेल तर तो पायचीत होत नाही. गोलंदाजाचा पुढचा पाय पूर्णपणे रेघेपुढे पडला तर नो-बॉल. आणि एका गोलंदाजाने लागोपाठ दोन षटके टाकायची नाहीत.

एका मुलाने किंवा मुलीने वही घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करावी. षटकामागे किती धावा, किती हव्यात, किती चेंडू उरले, हे सगळे गणितच आहे. भागाकाराला घाबरणारे पोर इथे बोटावर हिशेब करू लागते. पंचही पाळीपाळीने व्हावे. स्वतःच्या भावाला बाद देण्याची हिंमत ज्याला आली, त्याला न्याय म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

कच्चा लिंबू नको

आता मुलींविषयी. भारतीय महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यातच झाली. म्हणजे ही काही आजची टूम नव्हे. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना भावाचा खेळ पाहत पाहत शिकली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. त्या घरात बहिणीला कच्चा लिंबू ठेवले असते तर?

माता-भगिनींनो, मुलगी मैदानावर गेली म्हणून भांडी पडून राहतात, हे खरे आहे. पण मुलगा गेला तरी ती पडूनच राहतात! दोघांनी आधी मिळून घासावीत आणि मिळून खेळायला जावे. चारजणी एकत्र गेल्या, सोबत कुणी थोरले असले, तर काळजीही कमी होते.

वेळ, जागा आणि पैसा

आपल्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळांना रविवारी. बापलेकांची सुट्टी एकत्र येतच नाही. म्हणून मोठे बेत न आखता आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास ठरवावा. दहा मिनिटे बॉलिंग, दहा मिनिटे पायमोज्यातला चेंडू, दहा मिनिटे झेल. पहिली पाळी असलेल्या वडिलांनी संध्याकाळी, दुसरी पाळी असलेल्यांनी सकाळी. वडील थकलेले असतील तर आईने झेलासाठी चेंडू टाकावा. त्याला क्रिकेट यावे लागत नाही.

नव्या सांगवीचे पी.डब्ल्यू.डी. मैदान आहे, जुन्या सांगवीला मुळा-पवनेच्या काठाची मोकळी जागा आहे. नदीत चेंडू गेला तर मुलांनी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. चेंडू परत विकत मिळतो.

साहित्यासाठी आमची एक सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून प्रत्येक विहार समितीने एक सामायिक पिशवी करावी. त्यात दोन मापांच्या दोन बॅट, चार चेंडू, यष्ट्या आणि एक वही. पिशवी विहारात राहील आणि कुठल्याही पोराला, कुठल्याही जातीधर्माच्या शेजाऱ्याच्या पोराला, ती नोंद करून मिळेल. बॅट सर्वांची झाली की रुसून घरी घेऊन जायला ती कुणाचीच राहत नाही.

एखाद्या मुलात खरोखर चमक दिसली तर पुढची वाट जवळच आहे. थेरगावला दिलीप वेंगसरकर यांची अकादमी आहे आणि गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम आहे, जिथे २०१२ साली पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. पण कर्ज काढून महागडे साहित्य घेण्याआधी आणि शाळा बुडवण्याआधी दहादा विचार करावा. हजारो मुले खेळतात आणि देशाकडून अकरा उतरतात. ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिक्षणाची वाट दाखवली, त्या समाजातल्या मुलाने बॅटपायी वही टाकून देऊ नये. वही आणि बॅट दोन्ही एकाच दप्तराशेजारी राहू शकतात.

शेवटी, या बाराखडीतला पहिला धडा आई-वडिलांसाठी आहे. उद्या आपल्या गल्लीत खेळ मांडला जाईल तेव्हा जुना कायदा मोडून नवा करा. प्रत्येकाला सहा चेंडू बॉलिंग आणि सहा चेंडू बॅटिंग, आऊट झाला तरी सहा पूर्ण, आणि पाळी सर्वांत धाकट्यापासून सुरू. ज्याच्या घरी बॅट आहे त्याला थोडे जड जाईल. पण ज्याच्या घरी नाही, त्याच्या हातात ती पहिल्यांदा येईल तेव्हा त्याचा चेहरा पाहून घ्या. पूना क्लबातल्या त्या तरुणाला हेच नाकारले गेले होते.

जयभीम! नमो बुद्धाय!